विश्लेषण : वळणावर गाडीचे नाक बाहेर का जाते? ‘मिनी’चे जनक ॲलेक इसिगोनिस यांना हे कोडे कसे उलगडले?

सेमिनरी हिल्सच्या वळणावर छोटी हॅचबॅक जरा जास्त वेगात घातली, की स्टेअरिंग फिरवूनही गाडीचे नाक वळणाच्या बाहेरच सरकत राहते. पहिल्या पावसात, रस्त्यावर धुळीचा चिखल झालेला असताना तर हमखास. याला अंडरस्टीअर म्हणतात. पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी ट्रॅकवर पळवणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते. आडवे इंजिन आणि पुढची चाके ही जोडी जगभर गाजवली ती ब्रिटिश अभियंते सर ॲलेक इसिगोनिस यांनी. गंमत अशी, की ट्रॅकवर जो दोष ठरतो तो त्यांनी सामान्य चालकासाठी गाडीत मुद्दाम ठेवला होता, आणि त्यांची गाडी मात्र शर्यतींमुळेच अजरामर झाली.

इसिगोनिस कोण होते?

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मिर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर येथे झाला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, जहाजांच्या यंत्रांचा व्यवसाय करणारे, आई जर्मन. १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धाची झळ शहराला बसली आणि ब्रिटिश नागरिकांना जहाजातून माल्टाला हलवण्यात आले. तिथेच वडील वारले. १६-१७ वर्षांचा मुलगा आणि विधवा आई १९२३ मध्ये इंग्लंडला पोहोचले.

लंडनच्या बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये ते गणितात तीनदा नापास झाले. पुढे आयुष्यभर त्यांना शुद्ध गणिताचा राग होता. इंजिनीअरिंगला एम-थ्रीमध्ये अडकलेल्यांना हे वाचून बरे वाटेल. मात्र त्यांचा हात चित्रात विलक्षण चालत असे. कागदाच्या कपट्यावर काढलेले त्यांचे रेखाटन जॅक डॅनियल्स हे सहकारी पुढे मोजमापाच्या ड्रॉइंगमध्ये उतरवत.

सस्पेन्शनचे वेड कुठून लागले?

१९३४ मध्ये ते कोव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत रुजू झाले आणि १९३६ मध्ये मॉरिसमध्ये गेले. दोन्हीकडे काम सस्पेन्शनचेच. त्याच काळात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली हे इंग्रज अभियंते पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचा कडकपणा बदलून गाडी कशी वागते हे तपासत होते. अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर हे शब्द रूढ झाले ते त्यांच्याच कामातून.

इसिगोनिस यांची प्रयोगशाळा मात्र घरचे गॅरेज होते. मित्र जॉर्ज डाउसन यांच्यासह त्यांनी हातांच्या अवजारांनी ‘लाइटवेट स्पेशल’ ही शर्यतीची गाडी बांधली. त्यात काही वर्षे गेली. सांगाडा प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून केलेला, आणि पोलादी स्प्रिंगऐवजी रबर.

मग अंडरस्टीअर मुद्दाम का ठेवला?

युद्धानंतर १९४८ मध्ये आलेल्या मॉरिस मायनरमध्ये इसिगोनिस यांनी इंजिन शक्य तितके पुढे सरकवले. वजन पुढे असले की गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, आणि वळणावर चूक झालीच तर पुढची चाके आधी घसरतात. तेव्हा घाबरलेला चालक जे करतो, म्हणजे रेस सोडतो, तेच नेमके योग्य ठरते. मागची चाके आधी घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि तिला सावरण्याचे कसब हजारात एखाद्याकडे असते. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना मायनर बिलकूल आवडली नव्हती, तरीही दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

अनेक जण आपल्या ॲम्बेसेडरचे श्रेयही इसिगोनिस यांना देतात. ते जपूनच द्यायला हवे. ॲम्बेसेडर आली ती मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून, आणि ती मालिका बाजारात येण्याआधीच, १९५२ मध्ये, इसिगोनिस ॲल्विस कंपनीत गेले होते. ॲल्विससाठी त्यांनी आखलेली गाडी कधी रस्त्यावर आलीच नाही. पण तिथल्या काळात त्यांनी रबर उद्योगातले ॲलेक्स मोल्टन यांच्याबरोबर काम केले.

मिनी कशी जन्मली?

१९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच उद्भवला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. तोवर इसिगोनिस ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये परतले होते. कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी छोटी गाडी मागितली. अट एकच, इंजिन कंपनीकडे असलेलेच वापरायचे. इसिगोनिस यांनी ते आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाखाली ऑइलच्या टाकीत घातला आणि दहा फुटांच्या गाडीत चार माणसांची सोय केली. चाके अवघी १० इंचांची, तीही अगदी चार कोपऱ्यांवर.

सस्पेन्शनमध्ये मोल्टन यांचे रबरी कोन होते. गाडी सुमारे ६०० किलोची. तिच्यात चार माणसे बसली की वजन जवळपास निम्म्याने वाढते. साधा स्प्रिंग एकट्या चालकासाठी मऊ ठेवला तर चौघांत बसकण मारतो आणि कडक ठेवला तर एकट्याची हाडे खिळखिळी करतो. रबर दाबले जाईल तसतसे कडक होत जाते. शिवाय जागाही कमी घेते. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी जाहीर झाली.

शर्यतीत ती का चालली?

फॉर्म्युला वनच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांनी मिनीची शर्यतीची आवृत्ती सुचवली. इसिगोनिस फारसे राजी नव्हते; त्यांच्या लेखी ही सामान्य कुटुंबाची गाडी होती. कूपर थेट वरिष्ठांकडे गेले आणि १९६१ मध्ये मिनी कूपर आली.

इथे मूळ प्रश्न येतो. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाते. टायरवर दुप्पट वजन टाकले म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकांतला वजनाचा फरक जास्त, त्या ॲक्सलची एकूण पकड कमी. एकूण किती वजन सरकणार हे वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी ठरवतात. सस्पेन्शनचा कडकपणा ठरवतो तो फक्त पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधला वाटा.

म्हणून नवखे लोक पुढचे स्प्रिंग कडक करतात आणि अंडरस्टीअर वाढवून बसतात. पुढच्या चाकांवर आधीच तीन कामे असतात : इंजिनाचे वजन पेलणे, गाडी ओढणे आणि वळवणे. त्यांना मोकळीक द्यायची तर मागची बाजू कडक करावी लागते, बहुतेकदा मागे जाड अँटी-रोल बार लावून. मग मागचे आतले चाक वळणावर हवेत उचलले जाते. तीन चाकांवर वळणाऱ्या मिनीचे फोटो प्रसिद्ध आहेत ते यामुळेच. ओढणारी चाके पुढे असल्याने मागचे एक चाक हवेत गेल्याने ताकद वाया जात नाही. मात्र अशा गाडीत वळणाच्या मध्यावर रेस सोडली तर मागचा भाग सुटतो. म्हणजे इसिगोनिस यांनी घाबरट चालकासाठी ठेवलेली सोय इथे संपते. वर्धा रोडवर रोज कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या गाडीत हा उद्योग करू नये.

माकिनेन आणि आल्टोनेन या फिनलंडच्या चालकांनी हेच पायाने साधले. उजवा पाय रेसवर दाबलेला ठेवून ते डाव्या पायाने ब्रेक लावत. वजन पुढे येई, मागची चाके हलकी होऊन सरकत आणि नाक वळणात घुसे. मोंटे कार्लो रॅली मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. १९६६ मध्ये पहिले तिन्ही क्रमांक मिनीचेच होते, पण हेडलाइटच्या नियमावरून त्या बाद ठरवल्या गेल्या.

पुढे काय झाले?

१९६४ मध्ये मिनीला पुढच्या-मागच्या चाकांना द्रवाने जोडणारे हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन मिळाले. काही वर्षांनी कंपनी पुन्हा रबराकडे वळली. गिअरबॉक्स इंजिनाखाली ठेवण्याची युक्तीही जगाने फारशी उचलली नाही. आजच्या हॅचबॅकमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी असतो, ती वाट फियाटचे दांते जाकोसा यांची. खुद्द इसिगोनिस आपल्या कल्पनांबाबत हट्टी होते. गाडीत रेडिओ त्यांना नको असे, आरामशीर सीटही नको. चालक जागा राहिला पाहिजे.

१९६९ मध्ये त्यांना सर किताब मिळाला. त्यांनी लग्न केले नाही. आई १९७२ मध्ये वारेपर्यंत दोघे एकत्र राहत. १९७१ मध्ये निवृत्त होताना भेट म्हणून त्यांनी मेकॅनोचा सर्वांत मोठा संच मागून घेतल्याचे सांगितले जाते. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले. मिनीचे उत्पादन त्यानंतरही १२ वर्षे सुरू होते, आणि २००० मध्ये बाहेर पडलेल्या शेवटच्या गाडीतही रबरी कोनच होते.