शेंदराच्या दगडाला जाब विचारणारा संत

वाशीम : नदीच्या डोहात साती आसरा राहतात, पिंपळावर मुंजा असतो, शिवेवर म्हसोबा बसलेला असतो आणि साथ आली, की मरीमाय कोपली असे समजावे, वऱ्हाडातील खेड्यांत या समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्या गोष्टींपुरत्या राहिल्या असत्या, तर कोणाचे फारसे बिघडले नसते. मात्र, नवसाचा बकरा व दारू यांच्यापायी गरिबांना कर्ज काढावे लागे. या दुष्टचक्रावर आयुष्यभर प्रहार करणारे संत गाडगेबाबा याच मातीतले.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूच्या आहारी जाऊन १८८४ मध्ये मरण पावले. बकरा आणि दारू मागणारे देव घराबाहेर टाका, असे त्यांनी अखेरच्या काळात पत्नी सखूबाईंना बजावल्याचे चरित्रकार नमूद करतात.

पुढे मायलेक मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे राहिले. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याला लागून असलेला हा परिसर. वाशीम १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता. सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन गेल्याचे डेबूजींनी येथेच पाहिले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी बकरा व दारूला फाटा देऊन गोड जेवण घातले. देव कोपेल, ही भीती आणि जातभाईंची नाराजी, दोन्ही त्यांनी पत्करली.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा नेम. कीर्तनात ते उपदेशाऐवजी प्रश्न विचारीत. ज्याला आपले रक्षण करता येत नाही, तो दगड आपले रक्षण कसा करील, याचे उत्तर ते श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. बोली वऱ्हाडी असल्याने ते थेट मनाला भिडे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी लोकोपयोगी कामे केली. ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट, तर नाशिक व पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक त्यांचे निधन झाले. राज्य शासनाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. वाशीमची महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, तेही आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, बाबांच्या निधनानंतर तब्बल ५७ वर्षांनी. कायद्याचा आधार नसताना एका निरक्षर माणसाने हे काम केवळ प्रश्नांच्या बळावर खेडोपाडी केले होते.