जोसेफ बॅप्टिस्टा

जोसेफ बॅप्टिस्टा ऊर्फ काका बॅप्टिस्टा (जन्म : माझगाव, मुंबई, १७ मार्च १८६४, मृत्यू : १८ सप्टेंबर १९३०) हे बॅरिस्टर, होमरूल चळवळीचे नेते व भारतीय कामगार चळवळीचे एक आद्य संघटक होते. ते लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते.

समाज व शिक्षण

बॅप्टिस्टा हे ईस्ट इंडियन कॅथलिक समाजातले. मुंबई, साष्टी व वसई येथील हा मूळ रहिवासी समाज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाला. त्याची बोली मराठीच राहिली. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ईस्ट इंडिया कंपनीशी जुने नाते सांगणारे हे नाव अधिकृतपणे धारण केले. असा समाज सरकारधार्जिणाच असणार, हा समज सहज रुजण्यासारखा होता.

बॅप्टिस्टा यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन काही काळ वन खात्यात नोकरी केली. पुढे केंब्रिज विद्यापीठात शिकून १८९९ साली ते बॅरिस्टर झाले.

राजकीय कार्य

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी टिळकांना कायदेविषयक साहाय्य केले. १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांच्या बचावासाठीही ते उभे राहिले. टिळकांच्या राजकारणात गणेशोत्सव व शिवजयंती यांना मोठे स्थान होते. तरीही १९१६ साली बेळगाव येथे टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टा यांच्याकडे आले. १९१७ साली लीगची बाजू मांडण्यासाठी ते इंग्लंडला गेले.

कामगार चळवळ

टिळकांना झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध १९०८ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. माझगावच्या शेजारची चिंचपोकळी, लालबाग व परळ ही या कामगारांची वस्ती. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बॅप्टिस्टा होते. १९२१ च्या झरिया अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

धर्म व सार्वजनिक जीवन

१९२५ साली बॅप्टिस्टा मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. हेच पद पुढे महापौरपद म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी अमेरिकेत अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार अल स्मिथ यांच्यावर, त्यांची निष्ठा देशाऐवजी पोपकडे असेल, असा आक्षेप घेण्यात आला. ते पराभूत झाले. बॅप्टिस्टा यांनी आपला धर्म सोडला नाही किंवा स्वराज्याची मागणीही सौम्य केली नाही. कॅथलिक असणे व राष्ट्रीय चळवळीत अग्रभागी असणे यांत विरोध नाही, हे त्यांच्या जीवनक्रमातून दिसते.

स्मारक

माझगाव येथील भंडारवाडा टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.