वाटीनं मोजणाऱ्या कमलाबाई

आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण होताहेत, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कमिटीचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. आयुष्यभर माझं लिखाण म्हणजे ऑफिसातली लेजरं आणि वाण्याची यादी. मग सेक्रेटरींनी सुचवलं, दिवाळी तोंडावर आहे, फराळाबद्दल लिहा. फराळ म्हटल्यावर माझी नजर आपोआप ओट्यावरच्या फळीकडे गेली. तिथे माझी जुनी ‘रुचिरा’ असते. म्हटलं, जिच्यामुळे माझा फराळ जमायला लागला, त्या बाईबद्दलच लिहावं.

कमलाबाई ओगले. हे नाव आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे, पण ते पुस्तकावरचं नाव म्हणून. बाई कोण, कुठल्या, हे फारसं कोणी विचारत नाही.

त्यांचा जन्म १९१३ सालचा, कुंडलचा. कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा औंध संस्थानात होतं. त्यांच्या जन्माआधी तीनच वर्षं, १९१० मध्ये, शेजारच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत वसवली, तीच किर्लोस्करवाडी. याच वाडीतून पुढे ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिकं निघाली आणि घराघरांत गेली. कुंडलच्या या मुलीचं पुस्तकही पुढे किर्लोस्करांकडूनच निघायचं होतं. पण त्याला अजून अर्धं शतक जायचं होतं.

शाळा झाली ती जेमतेम चौथीपर्यंत. त्या काळात खेड्यातल्या मुलीला तेवढी मिळाली हेच पुष्कळ. लग्न होऊन त्या ओगल्यांच्या घरी आल्या आणि स्वयंपाकाचं खरं शिक्षण तिथे, सासूबाईंच्या हाताखाली झालं. हे शिक्षण कसं असतं ते आपल्या आधीच्या पिढीला सांगायला नको. वही नाही, परीक्षा नाही. शेजारी उभं राहायचं, बघायचं, चुकलं की बोलणी खायची. मीठ किती, तर अंदाजानं. मोहन किती, तर हाताला समजेल तेवढं. वर्षानुवर्षं उभं राहिलं की अंदाज हातात येतो. पण तो त्या हातातच राहतो. हात गेला की अंदाजही गेला.

कमलाबाईंचं मोठेपण इथे आहे, असं मला वाटतं. त्यांनी हा हातातला अंदाज काढून वाटीत ठेवला.

‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाली तेव्हा त्यांनी पंचावन्न ओलांडली होती. मराठीत पाकपुस्तकं त्याआधी नव्हती असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि तेही खूप घरांत वापरलं गेलं. पण जुन्या पुस्तकांतली मापं शेर, पावशेर, तोळ्याची. त्यात १९५६ च्या कायद्यानं देशात दशमान पद्धत आली आणि १९६० नंतर वाण्याकडे किलो-ग्रॅम सुरू झालं. आजीचं माप शेरात, दुकानदाराचं ग्रॅममध्ये, आणि घरात तराजू तर कोणाकडेच नाही. अशा वेळी कमलाबाईंनी सगळं वाटी आणि चमच्यानं सांगितलं. वाटी नाही असं मराठी घर कुठे असतं? वाटी लहान असो की मोठी, एका पदार्थाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वापरायची, की प्रमाण चुकत नाही.

पुढे या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. दुसरा भाग निघाला, इंग्रजीतही आवृत्ती आली. चौथी शिकलेल्या बाईचं पुस्तक एम.ए., एम.एस्सी. झालेल्या मुली सासरी जाताना बॅगेत घालून नेऊ लागल्या. परदेशी जाणाऱ्यांच्या सामानात प्रेशर कुकरच्या शेजारी ते असायचंच. कमलाबाई १९९९ मध्ये गेल्या, पण पुस्तक अजून विकलं जातं.

माझ्याकडे ते आलं १९७९ मध्ये, लग्नात, मावशीकडून. माहेर सातारा, सासर डोंबिवली. सासर म्हणजे दोन खोल्या आणि आम्ही दोघंच, कारण सासूबाई गावी. शेजारी उभं राहून शिकवायला कोणी नाही. सकाळी आठच्या आत लोकल पकडायची, संध्याकाळी सातला स्टेशनवरून भाजी घेत घरी. तेव्हा डोंबिवलीत माझ्यासारख्या घरोघरी होत्या. आहेराची भांडी माळ्यावर गेली, चार लेमन सेट फुटले, ‘रुचिरा’ मात्र ओट्यावर राहिली. पहिल्या दिवाळीला चकल्या तेलात विरघळल्या आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या समासात पेन्सिलनं लिहून ठेवलं : मोहन जास्त झालं. तेव्हापासून समासात लिहायची सवय लागली.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना २६ जुलै २००५ ची रात्र आठवत असेल. तळमजल्यावर पाणी, वीज नाही, अर्धी माणसं मुंबईत अडकलेली. खालच्या बिऱ्हाडांना आपण वर आणलं आणि पहिल्या मजल्यावर खिचडी टाकायची ठरली. चाळीस माणसांची खिचडी आमच्यापैकी कोणीच कधी केली नव्हती. पातेलं समोर आणि सगळ्या एकमेकींकडे बघताहेत. मग मी वाटीऐवजी स्टीलचा डबा घेतला. दोन डबे तांदूळ, एक डबा मूगडाळ, तेच घरातलं प्रमाण. मेणबत्तीच्या उजेडात खिचडी शिजली आणि खाली लागली नाही. त्या रात्री मला कळलं, की कमलाबाईंनी आपल्याला माप दिलं नव्हतं, प्रमाण दिलं होतं. माप भांड्याबरोबर बदलतं, प्रमाण बदलत नाही.

आता जरा माझ्या चुकीबद्दल. सहा वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सूनबाई नागपूरकडची, ऐरोलीला नोकरी. पहिल्या पाडव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी सगळ्यांसमोर तिला कोरी ‘रुचिरा’ भेट दिली, छान कागदात बांधून. मला वाटलं केवढी मोठी गोष्ट देतेय. ती हसली, नमस्कार केला, पण चेहरा उतरला होता. आठवड्यानं मुलगा हळूच म्हणाला, की आई, तिला वाटलं, तुला स्वयंपाक येत नाही हे तू चारचौघांत सांगितलंस. मला दोन रात्री झोप लागली नाही. मला जे पुस्तक आधार म्हणून मिळालं, तेच मी तिच्या हातात टोमण्यासारखं ठेवलं होतं. त्यात तिचं वडा-भात आणि सांभारवडी माझ्यापेक्षा कितीतरी सरस. ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मी तिची माफी मागितली. अवघड गेलं, पण मागितली. तिनं विषय वाढवला नाही. पुढच्या दिवाळीत तीच म्हणाली, आई, भाजणी करायची आहे, तुमचं ते जुनं पुस्तक द्या. नवं का नको, विचारलं, तर म्हणाली, जुन्यात तुमच्या चुका लिहिलेल्या आहेत. आता त्याच समासात तिचंही अक्षर आहे, सांभारवडीसकट. नवी प्रत मुलगा घेऊन गेला. त्याची दोन वर्षांसाठी बंगळूरला बदली झाली, तिथे एकटा राहत होता. आता आमटी तो माझ्यापेक्षा बरी करतो.

म्हणून, दिवाळीला किंवा लग्नात पाकपुस्तक भेट द्यायचं असेल तर माझ्या अनुभवाचे चार शब्द ऐका. चारचौघांत देऊ नका, घरात बसून द्या. मुलींनाच देऊ नका, शिकायला बाहेर निघालेल्या मुलग्यांना आधी द्या. घेताना चित्रं बघू नका, मापं बघा, ज्याला देणार त्याच्या घरातल्या भांड्यांनी ती मोजता येतील का. दोघांचं घर असेल तर दहा माणसांचा घाट सांगणारं पुस्तक काय कामाचं? आणि शक्य असेल तर आपलीच वापरलेली, डाग पडलेली प्रत द्या. स्वतःसाठी नवी आणा. नाहीच तर कोऱ्या प्रतीच्या पहिल्या पानावर आपली एक फसलेली कृती लिहा. समोरच्याला हायसं वाटतं.

फराळाबद्दल लिहिते असं कबूल केलं होतं, म्हणून आमच्या घरातली चकलीची भाजणी देते. ही पुस्तकातली नाही, समासात तयार झालेली आहे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत वाळवा, सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजा आणि दळून आणा. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा तेलाचं कडकडीत मोहन, चवीला मीठ, तिखट, तीळ. गरम पाण्यात भिजवून झाकून ठेवा. पहिला घाणा एकाच चकलीचा तळून बघा. विरघळली तर थोडी कोरडी भाजणी मिसळा, कडक झाली तर चमचाभर तेल.

वाटी तुमच्या घरातली कुठलीही चालेल. फक्त मध्येच बदलू नका.

यंदा भाजणी आमच्याकडे जास्तच करतेय. ज्यांना हवी असेल त्यांनी वाटी घेऊन यावं. पेन्सिल ओट्यावरच आहे, पुस्तकात जागाही आहे अजून.