वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड

वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड (इ.स. १८६४ - इ.स. १९५२) हे मुंबईत स्थायिक झालेले ब्रिटिश व्यापारी व निसर्ग-अभ्यासक होते. इ.स. १९०६ ते इ.स. १९२० या काळात ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या संस्थेचे मानद सचिव आणि तिच्या नियतकालिकाचे संपादक होते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांना पक्षी-अभ्यासाची दिशा देणारे गृहस्थ म्हणून ते विशेष परिचित आहेत. कोल्हापूर येथे बिबळ्या व सिंहीण यांच्या संकरातून जन्मलेल्या प्राण्याची शास्त्रीय नोंद त्यांच्यामुळे होऊ शकली.

पूर्वायुष्य

मिलार्ड यांचा जन्म इंग्लंडमधील हंटिंगडन येथे झाला. इ.स. १८८४ मध्ये ते हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्या मद्यव्यापारात साहाय्यक म्हणून मुंबईला आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बीएनएचएसची स्थापना केली होती. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. संस्थेचा संग्रह आरंभी फिप्सन यांच्या दुकानाच्याच जागेत ठेवला जाई. त्यामुळे व्यापार व निसर्ग-अभ्यास ही दोन्ही कामे मिलार्ड यांच्या वाट्याला एकाच छपराखाली आली. फिप्सन यांच्यानंतर इ.स. १९०६ मध्ये संस्थेचे सचिवपद त्यांच्याकडे आले.

कोल्हापूरचा संकरित प्राणी

इ.स. १९१० मध्ये कोल्हापूर येथे बंदिवासातील मोठा बिबळ्या व सिंहीण यांच्या संकरातून दोन पिल्ले जन्मली. त्या वेळी कोल्हापूर संस्थानावर राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते. दोन पिल्लांपैकी एक अडीच महिन्यांचे असताना मरण पावले. मिलार्ड यांनी या संकरित प्राण्याचे कातडे लंडनला रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांच्याकडे पाठविले. पोकॉक हे लंडन प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक व सस्तन प्राण्यांचे मान्यवर अभ्यासक होते. त्यांनी इ.स. १९१२ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा दुसरे पिल्लू हयात होते.

पोकॉक यांच्या वर्णनानुसार प्राण्याचे अंग बिबळ्याप्रमाणे ठिपकेदार होते. मात्र कुशीवरील ठिपके भारतीय बिबळ्याच्या ठिपक्यांपेक्षा लहान, दाट, तपकिरी व अस्पष्ट होते. सिंहाच्या पिलाच्या अंगावर जन्मतः असणारे व पुढे विरत जाणारे ठिपके असतात, तसे ते दिसत. डोके, पाठीचा कणा, पोट व पाय यांवरील ठिपके मात्र काळे व ठळक होते. शेपटीवर वरच्या बाजूस ठिपके, खालच्या बाजूस पट्टे आणि टोकाशी काळसर लांब केस होते. पोटाकडचा रंग मळकट पांढरा होता. कानांवर रुंद काळा पट्टा होता. परंतु बिबळ्याच्या कानांच्या मागील बाजूस असणारा पांढरा ठिपका तेथे नव्हता.

बिबळ्या नर व सिंहीण मादी यांच्या अशा संततीस पुढे लेपॉन हे नाव रूढ झाले. लेपॉनची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. यानंतरचे प्रसिद्ध लेपॉन जपानमधील निशिनोमिया येथील उद्यानात इ.स. १९५९ व इ.स. १९६१ मध्ये जन्मले. त्यांना संतती झाली नाही.

भिन्न जातींच्या संकरातून जन्मलेले प्राणी बहुधा वंध्य असतात. घोडी व गाढव यांच्यापासून होणारे खेचर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. घोड्याची ६४ व गाढवाची ६२ गुणसूत्रे असल्याने खेचराच्या वाट्याला ६३ गुणसूत्रे येतात व त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. सिंह व बिबळ्या या दोहोंची गुणसूत्रे प्रत्येकी ३८ असूनही त्यांचा संकर पुढे वंश चालवू शकत नाही. म्हणून अशा प्राण्याला स्वतंत्र जातीचे स्थान मिळत नाही. त्याच्या मृत्यूनंतर कातडे व लेखी वर्णन यांखेरीज त्याच्या अस्तित्वाचा पुरावा उरत नाही. कोल्हापूरच्या प्राण्याच्या बाबतीत हा पुरावा मिलार्ड यांच्या तत्परतेमुळे टिकला. अन्यथा ही घटना ऐकीव गोष्ट म्हणून विस्मृतीत गेली असती.

सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण

इ.स. १९११ मध्ये मिलार्ड यांच्या पुढाकाराने संस्थेने भारतीय सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. त्याचा पहिला अहवाल खानदेशाविषयीचा होता. नमुन्यांचा अभ्यास करून अहवाल लिहिण्याचे काम वनखात्यातील निवृत्त अधिकारी आर. सी. रॉटन यांनी मुख्यतः केले. हे सर्वेक्षण इ.स. १९२३ पर्यंत चालले. प्रत्येक प्राण्याचे स्थळ व वर्णन यांसह नमुना जपण्याची शिस्त त्यातून भारतात रुजली.

सालिम अली यांना मार्गदर्शन

शाळकरी वयातील सालिम अली यांनी खेळण्यातील बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. तिची ओळख पटविण्यासाठी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे सांगितले, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचावयास पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी जतन करण्याचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली. सालिम अली यांनी आत्मचरित्राच्या नावातच त्या चिमणीची आठवण जपली आहे.

वृक्षप्रेम व उत्तरायुष्य

मिलार्ड यांना बागकामाची आवड होती. मुंबईत फुलझाडांचे अनेक वृक्ष त्यांनी लावले. इंग्लंडला परतल्यानंतरही त्यांचा संस्थेशी संबंध राहिला. वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लाटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला, भारतातील शोभिवंत वृक्षांवरील 'सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज' हा ग्रंथ इ.स. १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

ओल्डफिल्ड थॉमस यांनी इ.स. १९११ मध्ये मऊ केसांच्या उंदरांच्या एका प्रजातीस मिलार्ड यांच्या सन्मानार्थ मिलार्डिया हे नाव दिले. पुण्याजवळील सिंहगडावर सापडलेल्या व इ.स. १९७५ मध्ये वर्णिलेल्या उंदराचे शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंडाणा असे आहे. या नावात मिलार्ड यांच्यासह गडाचे जुने नावही आले आहे.

संकरित प्राण्यांची नोंद ठेवण्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. पुणे परिसरातील माळरानावर लांडगा व कुत्रा यांचा संकर होत असल्याचे इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून सिद्ध झाले. कोल्हापूरचा संकर बंदिवासातील व वंध्य जातकुळीचा होता. लांडगा-कुत्रा संकर मात्र मुक्त व प्रजननक्षम असल्याने आधीच दुर्मिळ झालेल्या लांडग्याची मूळ जनुके विरळ होण्याचा धोका आहे. असा धोका ओळखण्यासाठी केवळ पाहिल्याची वार्ता पुरत नाही. जपलेला नमुना व नेमके वर्णन लागते.