अ‍ॅना मणी : पदवीचा हिशोब आणि पावसाचा हिशोब

फायनल इयर जवळ आलं की होस्टेलवर एकच विषय असतो, पुढे काय? गेट, एम.बी.ए., परदेश की सरळ नोकरी? यात कुणी हवामानशास्त्राचं नाव काढलं की, त्याला स्कोप काय, हा प्रश्न ठरलेला. फी किती, वर्षं किती आणि शेवटी पॅकेज किती? मित्रांनो, हा प्रश्न चुकीचा मुळीच नाही. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेलं असतं, हिशोब हा करायलाच हवा. पण त्याआधी अ‍ॅना मणी यांचं आयुष्य एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळातल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनिअर. घराण्यात मुलींना आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या द्यायची रीत होती. अ‍ॅनाने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी ब्रिटानिका विश्वकोश मागून घेतला. गंमत म्हणजे पुढे हिरे त्यांच्या वाट्याला आलेच, पण ते प्रयोगशाळेत!

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्राची ऑनर्स पदवी घेऊन १९४० साली त्या शिष्यवृत्तीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथे सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम केलं. एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास एक्सपोजर द्यावं लागे, म्हणून कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर लिहिले आणि १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. कारण काय, तर त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही! पाच वर्षांचं काम कपाटात गेलं. आपल्यातला एखादा एका बॅकलॉगने खचून जातो. इथे तर सगळाच हिशोब वजाबाकीत गेला होता.

त्याच वर्षी इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. जायचं होतं भौतिकशास्त्रासाठी, पण उपलब्ध जागा होती हवामानाच्या उपकरणांची. तीच घेऊन त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात दाखल झाल्या. म्हणजे ज्या विषयाने त्यांना नाव दिलं, तो त्यांनी आवडीने निवडलेलाही नव्हता.

१९४८ साली परत येऊन त्या भारतीय हवामान खात्यात, आपल्या पुण्यात रुजू झाल्या. त्या काळी साधा पर्जन्यमापक आणि तापमापकसुद्धा इंग्लंडहून आणावा लागे. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी शंभरच्या आसपास उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली आणि ती उपकरणं देशात बनू लागली. हाताखाली सव्वाशेच्या घरात माणसं होती. चुकीची मोजणी करण्यापेक्षा मोजणी न केलेली बरी, असा त्यांचा खाक्या होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारणं मोजणारी केंद्रं उभी केली. नंतर ओझोन मोजणारं उपकरण आणि थुंबा इथली हवामान वेधशाळा झाली. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. १९८० आणि १९८१ साली भारतातल्या सौर प्रारणांवरचे त्यांचे ग्रंथ आले. पवनऊर्जेसाठी वाऱ्याची मोजणीही त्यांनी करून ठेवली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम इथे त्यांचं निधन झालं. पीएच.डी. शेवटपर्यंत नव्हती.

आता या सगळ्याचा आपल्या नगर जिल्ह्याशी काय संबंध? हिवरे बाजारला जाऊन बघा. पर्जन्यछायेतलं गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने १९९० नंतर पाणलोटाची कामं केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण खरी गोष्ट पुढची आहे. दरवर्षी गाव पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर ग्रामसभेत पिकं ठरतात. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत.

जरा इंजिनिअरच्या नजरेने गणित करू. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं क्षेत्र अंदाजे ९७५ हेक्टर. म्हणजे मापकाची चूक फक्त १० मिलिमीटरची झाली, तरी ताळेबंदात पावणेदहा कोटी लिटरचा घोळ! मोजमाप चोख असेल तरच ग्रामसभेचा निर्णय खरा. मोजमापाची हीच शिस्त लावण्यात अ‍ॅना मणींचं अर्धं आयुष्य गेलं.

मग पदवी घ्यावी का? सरळ सांगायचं तर अ‍ॅनांचं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं, त्यांच्या डोक्यावर हप्ते नव्हते. मोठं कर्ज काढून, पहिल्याच वर्षी ते फिटेल या भरवशावर कुणी या वाटेला जाऊ नये. हवामान खातं, पुण्याची आय.आय.टी.एम. आणि सौर-पवनऊर्जेच्या कंपन्या इथे काम आहे, पण जागा मोजक्या आणि स्पर्धा भरपूर. आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग किंवा इन्स्ट्रुमेंटेशन येत असेल, तर मात्र ही वाट बरीच सोपी होते. अ‍ॅना मणीसुद्धा उपकरणाच्याच दारातून आत शिरल्या होत्या.

तेव्हा हिशोब जरूर करा. फक्त त्यात पगाराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: आपल्या कामावर विसंबून कोण पेरणी करणार आहे? दोन्ही रकाने भरले की मगच बेरीज करा.