लघुलहरींचे प्रणेते : गुल्येल्मो मार्कोनी

पाचाडच्या खोऱ्यांतून रायगडाकडे दृष्टि टाकिली म्हणजे डोंगर हा माणसाच्या शब्दाला केवढा अडसर आहे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. जिजामातेचा वाडा पायथ्याशीं आणि महाराजांचा दरबार माथ्यावर. मधला निरोप जासुदानें पायींच न्यावयाचा. हा अडसर दूर करण्यांत ज्यांचा मोठा वांटा होता, त्या गुल्येल्मो मार्कोनी ह्यांचें चरित्र ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत आम्ही थोडक्यांत सांगत आहों. ते संत नव्हते. तथापि त्यांच्या आयुष्यांतून घेण्यासारखें आहे, तसेंच टाळण्यासारखेंहि आहे.

मार्कोनींचा जन्म इटलींतील बोलोन्या शहरीं ता. २५ एप्रिल १८७४ रोजीं झाला. वडील इटालियन जमीनदार. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडची. विश्वविद्यालयाची पदवी त्यांना लाभली नाहीं. १८९५ सालीं घरींच प्रयोग करीत असतां, तारेचें एक टोंक उंच टांगलें व दुसरें जमिनींत पुरलें तर विद्युल्लहरी पुष्कळ दूर जातात, हें त्यांच्या ध्यानीं आलें. टेकडीपलीकडे उभ्या असलेल्या भावानें बंदुकीचा बार काढून संदेश पोंचल्याची खूण दिली, असें सांगतात. त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस ह्यांनीं अशा लहरींचे प्रयोग लोकांना करून दाखविले होते. तेव्हां हें श्रेय एकट्याचें नव्हे, हें वाचकांनीं विसरूं नये. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडांतून निघालेली तीन टिंबांची खूण अटलांटिकपार न्यूफाउंडलंड येथें, पतंगानें उंच नेलेल्या तारेवर आपण ऐकिली, असें मार्कोनींनीं जाहीर केलें. १९०९ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यांना व जर्मनीच्या ब्राउन ह्यांना विभागून मिळालें.

त्यानंतर बरींच वर्षें सर्वांची समजूत अशी होती कीं, पल्ला लांब हवा तर लहरहि लांब हवी आणि शक्ति प्रचंड हवी. हजारों मीटर लांबीच्या लहरी, शेंकडों किलोवॅट वीज व दूरवर पसरलेल्या तारा, हा त्या काळचा थाट होता. दोनशें मीटरांखालच्या लहरी निकामी समजून हौशी मंडळींकडे सोडून दिल्या होत्या. मार्कोनी हे दीर्घलहरींच्या पंथाचे अग्रणी. त्यांची कीर्ति व त्यांच्या कंपनीचें द्रव्य तींतच गुंतलेलें. असें असूनहि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं आपला मार्ग बदलला. १९२३ सालीं पोल्धू येथील केंद्राहून ९७ मीटरांच्या लहरीवर संदेश सोडवून ते एलेत्रा ह्या आपल्या जहाजानें केप व्हर्द बेटांपर्यंत गेले. थोड्याशा शक्तीनें निघालेला संदेश रात्रीं तेथें स्पष्ट ऐकूं येई, दिवसां मात्र क्षीण होई. पुढच्या वर्षीं ३२ मीटरांची लहर बैरूत येथें भर दिवसांहि ऐकूं आली.

ह्याचें इंगित असें. पृथ्वीच्या पुष्कळ वर, वातावरणांत, सूर्यतेजानें विद्युद्भारित झालेले थर आहेत. लघुलहरी त्यांवर आपटून खालीं वळतात व डोंगर-समुद्र ओलांडून दूर उतरतात. कधीं जवळच्यास कांहींच ऐकूं न येतां दूरच्यास स्वच्छ ऐकूं येतें, तें ह्याचमुळें. दिवसां खालचा थर लघुलहरींपैकीं लांब लहरींची शक्ति शोषून घेतो, म्हणून आंखूड लहर निवडावी. रात्रीं थर विरळ होतात व फार आंखूड लहर त्यांतून आरपार निघून जाते, म्हणून कांहींशी लांब निवडावी. ऋतु आणि सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें चक्र हींहि पाहावीं लागतात.

मार्कोनींचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन ह्यांनीं तारांचा पडदा व त्यामागें परावर्तक तारा उभारून लहर एकाच दिशेस फेंकण्याची युक्ति सिद्ध केली. ता. २३ जुलै १९२७ रोजीं इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमध्यें ही सेवा सुरू झाली. आपल्याकडील संदेश पुण्याजवळील खडकीहून निघत व विलायतेचे दौंडास उतरत; आपल्याच प्रक्षेपकाच्या गलबल्यांत दूरचा क्षीण स्वर बुडूं नये म्हणून हीं दोन ठिकाणें वेगळीं ठेविलीं होतीं.

१९२९ च्या लॅटरन करारानें पोपमहाराजांस सुमारें ११० एकरांचें स्वतंत्र राज्य मिळालें. एवढ्याशा जागेंत दीर्घलहरींचें अवाढव्य केंद्र मावणें कठीण. लघुलहरींस मात्र बागेचा एक कोपरा पुरला. पोप अकरावे पायस ह्यांच्या इच्छेनुसार मार्कोनींनीं तेथें सुमारें १० किलोवॅटचें केंद्र उभारिलें आणि १९·८४ व ५०·२६ मीटर ह्या दोन लहरी ठेविल्या. ता. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोपमहाराजांचा लॅटिन संदेश तेथून निघाला. १८७० पासून १९२९ पर्यंत ज्यांच्या आसनावरील पोप व्हॅटिकनबाहेर पडले नव्हते, त्यांचा स्वर आतां एकाच क्षणीं अनेक खंडांत पोंचला. केंद्राची व्यवस्था येशूसंघाकडे सोंपविण्यांत आली.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मार्कोनी १९२३ सालीं फासिस्ट पक्षांत शिरले, मुसोलिनीकडून त्यांनीं मानसन्मान घेतले, आणि १९३५ सालीं ॲबिसीनियावरील स्वारीस पाठिंबा दिला. लहरींची निवड करितांना स्वतःचें मत तपासून टाकून देणारा हा पुरुष राजकारणांत मात्र तशी तपासणी करूं शकला नाहीं. ता. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें त्यांचें निधन झालें.

पुढच्या महायुद्धांत त्याच लघुलहरींवरून हुकूमशहांचा द्वेष देशोदेशीं पसरला. व्हॅटिकनच्या केंद्रानें मात्र जानेवारी १९४० मध्यें पोलंडांतील छळाची वार्ता जगास कळविली आणि १९४० ते १९४६ ह्या काळांत हरवलेल्या माणसांसंबंधीं बारा लाखांहून अधिक निरोप पोंचविले. कोणा घरीं मुलगा कैदेंत जिवंत आहे एवढेंच कळलें असेल. पण त्या आईला तें पुरेसें होतें. तारा आणि लहरी चांगलें-वाईट जाणत नाहींत. त्यांवर कोणता शब्द चढवावयाचा, हें माणसानेंच ठरवावयाचें असतें.