वलसाड, पाचगणी, लंडन : फ्रेडी मर्क्युरी

आम्ही बडोदेकर मुंबईला निघालो की वाटेत वलसाड लागते. तिथल्या हापूसपलीकडे आम्ही त्या स्टेशनाचा कधी विचार केला नव्हता. पण ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ आडनाव बलसारा, आणि ते याच गावावरून आलेले!

फारुख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेतील झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल, म्हणजे आम्हा सरकारी नोकरांच्याच जातकुळीतले. मुलाला त्यांनी लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवले. तिथे शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा पाच जणांचा बँड उभा राहिला. गंमत अशी की त्यात फारुख मुख्य गायक नव्हता; तो पियानो वाजवी.

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. पोटासाठी लंडनच्या बाजारात कपड्यांचा स्टॉल लावला. ‘आयबेक्स’, ‘सावर मिल्क सी’ अशा बँडांत तो गायला, पण एकही टिकला नाही.

कॉलेजातला एक मित्र ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये गात असे. १९७० साली तो बाहेर पडला. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर फ्रेडी उभा राहिला. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्याने दिले, स्वतःचे आडनावही बदलले. बेस गिटारवर काही जण आले आणि गेले; १९७१ साली जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. चौघांच्या राशी गुंफून फ्रेडीने बँडचे बोधचिन्ह रेखाटले. डिप्लोमा असा कामी आला.

१९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका जाणकारांनी काढली. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे गाणे होते. मानधन दोन्ही बाजूंना सारखेच, त्यामुळे आत धुसफुस झाली. चौघेही गाणी लिहीत, त्यामुळे अल्बममध्ये कुणाची किती घ्यायची यावरून भांडणे होत. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी ठरवले, गाणे कुणीही रचो, नाव ‘क्वीन’चे. तोवर फ्रेडी आजारी होता. तरी चौघे स्टुडिओत येत राहिले.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. अंत्यविधी पारशी धर्माप्रमाणे झाले. १९७१ साली जमलेली चौकडी तोवर एकदाही बदलली नव्हती.

आमच्या मंडळाचा वाद्यवृंद आम्ही तीनदा जमताना आणि तीनदा मोडताना पाहिला. सूर बिघडले म्हणून नव्हे. पत्रिकेवर कुणाचे नाव आधी, एवढ्यावरून. तबला आणि हार्मोनियम अजून मंडळाच्या कपाटात आहेत. यंदा ती बाहेर काढायची आणि पत्रिकेवर फक्त मंडळाचे नाव छापायचे, असे आम्ही सुचवतो. वाजवणारे गावातच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!